तुमचा प्रश्न पोहोचला

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावात, आमच्या गल्लीत, दर शनिवारी दुपारच्या डाकेनं शांतवन मास्तरांच्या घरी नागपूरहून एक पुडकं यायचं. खाकी कागद, वर सुतळीची गाठ, आणि आत तीस-चाळीस चिठ्ठ्या. कुणी शाळेच्या वहीचं पान फाडून लिहिलेलं, कुणी कॅलेंडरच्या पाठीमागे. प्रत्येक चिठ्ठीत पवित्र शास्त्राबद्दलचा एक प्रश्न. काईनाला बायको कुठून मिळाली? देव एक आहे की तीन? बाप्तिस्मा घेतला तर नाव बदलावं लागतं का? कुंकू पुसावं लागतं का? येशू गोरा होता की सावळा?

नागपूरच्या एका संस्थेचा टपालानं चालणारा बायबलचा अभ्यासक्रम होता. नाव-पत्ता कळवला की पातळ पुस्तिका फुकट घरी यायच्या. प्रत्येक धड्याच्या शेवटी चार ओळी मोकळ्या सोडलेल्या असत आणि वर छापलेलं असे, ‘मनात काही शंका असल्यास येथे लिहा.’ धडे नागपुरात तपासले जायचे. शंका सिंदीला यायच्या, मास्तरांकडे.

मास्तर मूळचे नगरकडचे. नोकरीनं विदर्भात आले, वर्ध्याकडच्या एका मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सिंदीला आमच्या शेजारी येऊन राहिले. त्यांच्या पत्नी मार्थाबाई नर्स होत्या, त्याही निवृत्त. मी १९७२ साली लग्न होऊन या गल्लीत आले, जिल्हा परिषदेच्या कन्याशाळेत मास्तरीण म्हणून लागले. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिकडे मार्थाबाईंनी भाजीला फोडणी दिली की इकडे माझ्या सासूबाई सांगायच्या, आज मेथी आहे.

पुढे मास्तरांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही धुरकट. एके दिवशी त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं, “बाई, शनिवारी तुम्हाला तासभर सवड असते का?” तेव्हापासून चिठ्ठ्या मी वाचायची, मास्तर सांगतील ते उत्तर मी लिहायचं आणि एक कार्बन प्रत नागपूरच्या कार्यालयासाठी ठेवायची. सासूबाईंना ते आवडलं नाही. “काऊन जातं त्याईच्या घरी? आपले देव कमी पडले का तुले?” मी म्हणाले, मी फक्त लिहायला जाते. “लिवता लिवता वाचशीन नं,” त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. मी पाच वर्षं वाचत होते.

मास्तरांची उत्तराची एक पद्धत होती. आलेल्या दिवशी ते कुठलंच उत्तर द्यायचे नाहीत. शनिवारी फक्त ऐकायचे, रविवारी सकाळी वर्ध्याला उपासनेला जायचे आणि संध्याकाळी उत्तरं सांगायचे. प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच, ‘तुमचा प्रश्न पोहोचला.’ मी एकदा म्हटलं, हे कशाला, उत्तर गेलं म्हणजे प्रश्न पोहोचलाच. ते म्हणाले, “बाई, पुष्कळ लोकांना उत्तरापेक्षा तेवढंच हवं असतं.”

‘अर्थातच’ आणि ‘साहजिकच’ हे शब्द त्यांनी मला कधी लिहू दिले नाहीत. “साहजिक असतं तर त्यानं आठ कोसांवर चालत जाऊन चिठ्ठी कशाला टाकली असती?” काईनाच्या बायकोचा प्रश्न जवळजवळ दर पुडक्यात असायचा. त्याचं एक छापील उत्तर करून ठेवू, असं मी सुचवलं तर त्यांनी मान हलवली. ज्याला तो पडलाय त्याला तो पहिल्यांदाच पडलाय, म्हणाले. मग दर वेळी नव्यानं सांगायचे, की आदामाला पुढं आणखी मुलगे आणि मुली झाल्या एवढंच शास्त्रात आहे. या बाईचं नाव नाही, माहेर नाही, ती काय बोलली तेही नाही. लिहिणाऱ्याला ते सांगायचं नव्हतं, किंवा त्यालाही ठाऊक नव्हतं. मला यातलं काही माहीत नाही.

‘मला माहीत नाही’ हे वाक्य मास्तर न लाजता लिहायला सांगायचे. नागपूरहून त्यांना एक जाड उत्तरसूची दिलेली होती. दोनशे प्रश्न, दोनशे उत्तरं. ती त्यांच्या टेबलावर असायची आणि तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा.

मार्थाबाईंना या सगळ्याचं कौतुक नव्हतं. “सगळ्या मुलखाला उत्तरं,” त्या म्हणायच्या, “आणि घरात मीठ आहे का विचारलं तर माहीत नाही.” मास्तर म्हणायचे, “ते खरंच माहीत नाही, मार्था.”

माझ्या सासूबाईंशी त्यांचा एक संवाद मी विसरले नाही. सासूबाई आषाढीपासून कार्तिकीपर्यंत काही ना काही उपास धरायच्या आणि उपास न धरणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फार बरं नव्हतं. एका सोमवारी त्यांनी भिंतीशी उभं राहून विचारलं, “काय जी मास्तर, तुमच्या देवानं कधी उपास धरला का?”

“धरला होता. चाळीस दिवस.”

“चाळीस.” सासूबाईंनी पदर सावरला. “अन् फराळाले काय खाये?”

“काहीच नाही. रानात होता.”

“साबुदाणाबी नाई?”

“साबुदाणाही नाही.”

सासूबाई भिंतीपासून वळल्या. घरात येऊन मला म्हणाल्या, “पाय वं, माणूस खरा दिसते.” कुणाबद्दल म्हणाल्या, मास्तरांबद्दल की त्यांच्या देवाबद्दल, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर मी शनिवारी निघाले की त्या माझ्या हातात वाटीभर काहीतरी द्यायच्या, मास्तरांसाठी.

कधी कधी माणसं पुडक्याऐवजी स्वतःच यायची. पिपरी मेघे गावचा एक तरुण आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. बसला आणि म्हणाला, “सर, मले बाप्तिस्मा घ्यायचा हाये.” मास्तरांनी विचारलं, का? तो म्हणाला, मिशनच्या दवाखान्यात शिपायाची जागा निघाली आहे म्हणतात. मला वाटलं, आता मास्तर चिडतील. त्यांनी मार्थाबाईंना चहा टाकायला सांगितला. मग त्याचं शिक्षण विचारलं आणि रोजगार विनिमय कार्यालयात नाव नोंदवायचा अर्ज मला त्याच्यासाठी भरून द्यायला सांगितला. जाताना तो म्हणाला, “पण सर, त्या बाप्तिस्म्याचं?” मास्तर म्हणाले, “नोकरी लागल्यावरही घ्यावासा वाटला तर या.” तो पुन्हा आला नाही. मास्तर म्हणाले, लागली असेल.

मग १९७८च्या हिवाळ्यातलं ते पत्र.

समुद्रपूर तालुक्यात, गिरडपासून कोसभर आत एक गाव आहे. तिथल्या कमल नावाच्या बाईचं. सातवी शिकलेली, अक्षर गोल आणि ओळी खाली उतरत गेलेल्या. गिरडच्या जत्रेत कुणीतरी वाटलेली पुस्तिका तिला मिळाली होती आणि तीन धडे तिनं पुरे करून पाठवले होते. चौथ्या धड्याच्या मोकळ्या ओळी पुरल्या नव्हत्या, म्हणून वेगळं पान जोडलं होतं. मी मोठ्यानं वाचत गेले.

तिची सहा वर्षांची मुलगी, मंदा, दिवाळीनंतर तापानं गेली होती. ‘तुमच्या पुस्तकात येशूनं एका मुलीचा हात धरून तिले उठवलं. थे बारा वर्षांची होती. माही सहाची होती. तिचा बाप कापूस घेऊन हिंगणघाटले गेलता. दोन दिवस थे बाबा कवा येते, बाबा कवा येते विचारत राह्यली. मंग विचारणं बंद झालं. तिनं येशूचं नाव ऐकलं नोतं. मी पण नोतं ऐकलं, मंग तिले कोण सांगन? तर थे आता कुठं आहे? तुमच्या शास्त्रात असंन तर लिवा. नसंन तरी लिवा.’

वाचून झालं. मी पुढची चिठ्ठी उघडली. “आज राहू द्या, बाई,” ते म्हणाले.

रविवारी त्यांनी बाकीची उत्तरं सांगितली, ते पत्र बाजूला ठेवलं. पुढच्या रविवारीही तसंच. उत्तरसूचीत त्या प्रश्नाला उत्तर होतं. एकशे बारावा प्रश्न, ज्यांनी सुवार्ता ऐकली नाही त्यांचं काय? खाली सहा ओळी. मास्तरांनी मला त्या तीनदा वाचायला लावल्या. चुकीचं त्यात काही नव्हतं. पण मंदासारख्या पोरीसाठी त्या लिहिलेल्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात मार्थाबाई म्हणाल्या, “ती बाई रोज डाकवाल्याची वाट बघत असेल. काहीतरी लिहा.” मास्तर म्हणाले, “काहीतरी लिहायचं नाही, म्हणूनच थांबलोय.”

शेवटी त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. ते पत्र मला जवळजवळ पाठ आहे.

‘कमलबाई, तुमचा प्रश्न पोहोचला. उत्तराला उशीर झाला, कारण मला ते माहीत नाही. शास्त्रात दावीद नावाच्या राजाची गोष्ट आहे. त्याचं लहान लेकरू आजारी पडलं. राजा सात दिवस जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही, रडून देवाकडे मागत राहिला. लेकरू गेलं. तेव्हा राजा उठला, आंघोळ केली आणि जेवायला मागितलं. लोकांना नवल वाटलं. तो म्हणाला, आता ते माझ्याकडे येणार नाही, मीच कधीतरी त्याच्याकडे जाईन. त्या लेकराचं नावसुद्धा शास्त्रात नाही. राजाजवळ याजक होते, संदेष्टे होते, पण याहून जास्त त्यालाही कुणी सांगितलं नाही. तुमची मंदा कुठं आहे हे मला दाखवता येत नाही. पण ज्यानं ती तुम्हाला दिली त्याच्यापेक्षा तुमची तिच्यावर जास्त माया आहे, असं मला वाटत नाही. आणि तुमची किती आहे ते तुमच्या पत्रात दिसतं. यावरून जे समजायचं ते तुम्ही समजा.’

खाली सही आणि प्रथमच घरचा पत्ता. बाकीच्या पत्रांवर नागपूरचाच पत्ता असायचा. या बाईला परत लिहावंसं वाटलं तर मध्ये कुणी नको, असं ते म्हणाले.

महिनाभरानं एका सकाळी मास्तरांच्या दारात एक माणूस उभा दिसला. पायजमा, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. सुट्टीचा दिवस होता, मी तिथंच होते. “शांतवन मास्तर कोन हाये?” त्यानं विचारलं. मास्तर उठून उभे राहिले. तो आत आला, बसला नाही. दुपट्ट्याच्या गाठीतून त्यानं ते पत्र काढलं. घडीवर मळलं होतं.

“मी कमलचा मालक. मधुकर. तुम्ही माह्या बायकोले काय लिवलं?”

“बसा,” मास्तर म्हणाले.

“बसाले नाई आलो. गावात लोक म्हणून राह्यले, मधुकरची बायको किरिस्ताव होऊन राह्यली. पुस्तकं जाळली मी. हा कागद तिनं पोटाशी लपवून ठेवला होता. मले वाचता येत नाई. पत्ता तेवढा डाकवाल्याले इचारला, बाकी गावात कोणाकडून वाचून घिऊ? म्हून तुमच्याकडूनच आयकाले आलो.”

मास्तरांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी पत्र घेतलं आणि वाचलं. मधुकर उभा राहून ऐकत होता. राजा जमिनीवर पडून राहिला, तिथं तो पाटावर टेकला. मी वाचून संपवलं तेव्हा तो म्हणाला, “पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचलं. मार्थाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“एवढंच?” तो म्हणाला. “किरिस्ताव व्हा असं कुठं नाई?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

मधुकरनं पत्र परत घेऊन घडी केली. राग घेऊन आलेला माणूस, त्याला आता काय करावं ते कळेना. मार्थाबाईंनी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं. आणि मग खाली बघत म्हणाला, “मास्तर, एक इचारू का?”

“विचारा.”

“मी हिंगणघाटले गेलतो. खरेदीवर गाड्याईची लाइन लागली होती. नंबर सोडून येता येत नोतं. पोरीले ताप होता, पण मले वाटलं साधा असंन. मी आलो तवा सारं झालं होतं. थे मले इचारत होती का?”

मास्तर चाचपडत खुर्चीत बसले.

“हे तुम्ही बायकोला विचारलं नाही?” मास्तर म्हणाले.

“तिले कसं इचारू? आन् तिनं हो म्हटलं तर मंग मी तिच्या समोर कसा राहू? थे सांगत नाई, मी इचारत नाई. तुम्हाले तिनं काई लिवलं होतं का?”

कमलचं ते पान टेबलाच्या खणात होतं. त्यातली ती ओळ मला ठाऊक होती आणि मास्तरांनाही. मी त्यांच्याकडे बघत होते. माझी फार इच्छा होती, की त्यांनी ते नेहमीचं वाक्य म्हणावं. तीन शब्द होते. आयुष्यभर त्यांनी ते हजार वेळा लिहवून घेतले होते.

मास्तरांचे हात गुडघ्यावर होते. ते म्हणाले, “हो. विचारत होती.”

“काय म्हणत होती?”

“बाबा कधी येतात.”

मधुकरनं मान हलवली, जणू ठरलेल्या भावाला सौदा व्हावा तशी. “वाटलंच मले,” तो म्हणाला. पत्र गाठीत बांधलं. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “आता तिले कागद पाठवू नोका.” मग गेला.

मार्थाबाई नवऱ्यावर संतापल्या. इतकी वर्षं नर्स होते, त्या म्हणाल्या, मरणाऱ्याच्या नातेवाइकाला काय सांगायचं नसतं ते मला विचारायचं होतं. संध्याकाळी मास्तर मला एवढंच म्हणाले, “त्यानं खरं विचारलं होतं, बाई. दुसरं काय सांगणार होतो?” पण ते प्रश्नासारखं म्हणाले.

त्यानंतर दोन महिन्यांनी नागपूरचे नवे सचिव आले. तरुण, नम्र, हातात फाइल. कार्बन प्रती वाचताना त्यांना कमलचं उत्तर सापडलं होतं. “मास्तर, आम्हाला शास्त्रापलीकडे जाता येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही त्या बाईला अशी आशा दिलीत, जी द्यायचा आपल्याला अधिकार नाही.”

“ती मुलगी देवाजवळ नाही, असं शास्त्रात कुठं आहे?”

“आहे असंही कुठं नाही.”

“म्हणून तर मला माहीत नाही असं लिहिलं.”

“सुरुवातीला तसं लिहिलंत. शेवटी तसं नाही लिहिलंत,” सचिव म्हणाले. आणि मास्तरांनी ते मान्य केलं. सचिव वाईट माणूस नव्हता. मास्तरांच्या डोळ्यांची त्यांनी मनापासून चौकशी केली, विश्रांती घ्या म्हणाले आणि जाताना टेबलावरची उत्तरसूची बरोबर घेऊन गेले. पुढच्या शनिवारी पुडकं आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही.

शनिवारी दुपारी मास्तर तरीही अंगणात खुर्ची टाकून बसायचे. मी जाऊन बसायची. काही वाचायचं नसे. ते मधूनच म्हणायचे, “त्या माणसाचं काय झालं असेल?” कमलचं नव्हे, त्या माणसाचं. बाईला त्यांनी लिहिलं त्याचं त्यांना ओझं नव्हतं. त्या माणसाला सांगितलं त्याचं होतं. असं वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. मधुकरनं पत्र पाठवू नका म्हटलं होतं आणि ते त्यांनी पाळलं. शेवटी १९८१च्या जानेवारीत म्हणाले, “गिरडला जाऊन येऊ या का?”

मार्थाबाई नको म्हणाल्या, माझा नवरा नको म्हणाला. नवल म्हणजे सासूबाई म्हणाल्या, “जाऊ द्या त्याईले. नाई त असेच बसून राहतीन.”

सिंदीहून वर्ध्यापर्यंत पॅसेंजर, तिथून एसटीनं हिंगणघाट, तिथून गिरड. टेकडीवरच्या शेख फरीदच्या दर्ग्याला निघालेल्या लोकांनी गाडी भरलेली होती. मास्तरांना खिडकीजवळ जागा मिळाली आणि ते बाहेर तोंड करून बसले, जरी आता त्यांना उजेड आणि सावली यापलीकडे फारसं दिसत नव्हतं. गिरडहून एका बैलगाडीत आम्हाला जागा मिळाली. घर सापडायला त्रास झाला नाही.

मधुकर ओसरीवर दोर वळत होता. त्यानं आम्हाला ओळखलं. उठला आणि घाईघाईनं पुढं आला, आतल्या दाराकडे बघत. हळू आवाजात म्हणाला, “मास्तर, तिले सांगू नोका. आता बरं हाये. आठवा महिना चालू हाये तिले. जुनं काई नोको.”

मास्तरांनी मान हलवली.

“कोण आलं जी?” आतून आवाज आला.

“दर्ग्याले आलते,” मधुकर म्हणाला. “पाणी मांगून राह्यले.”

कमल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर ओढलेला. मी पहिल्यांदा तिला पाहत होते आणि मला फक्त ते गोल अक्षर दिसत होतं. तिनं मास्तरांच्या हातात पेला दिला, त्यांना तो चाचपडत घ्यावा लागला, तेव्हा तिनं त्यांची बोटं पेल्याभोवती नीट बसवून दिली. “आजोबाले दिसत नाई का?” तिनं मला विचारलं. मी म्हटलं, कमी दिसतं. “बसा, चहा टाकतो,” ती म्हणाली.

चहा झाला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. “कोन्या गावचे जी तुम्ही?”

पत्रावर सिंदीचा पत्ता होता. ते पत्र तिनं पोटाशी लपवलं होतं. मधुकर दोर हातात धरून आमच्याकडे बघत होता. मास्तरांनी कप खाली ठेवला.

“वर्ध्याचे,” ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं.

“चहा गोड झाला का?”

“चांगला झाला,” मास्तर म्हणाले. “फार चांगला झाला.”

निघताना मधुकर वेशीपर्यंत आला. मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. गाडीरस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही त्या दिवशी सांगतलं. थे बरं केलं का वाईट केलं, मले अजून समजलं नाई.”

“मलाही नाही,” मास्तर म्हणाले.

“शेतात असलो का आयकू येते. बाबा कवा येते. रोज नाई. पण येते.” थोडं थांबून तो म्हणाला, “ना सांगतलं असतं तरी आलंच असतं म्हणा.” मास्तरांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

१९८४ मध्ये मार्थाबाईंना पोटाचा कर्करोग निघाला. नर्स असल्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांच्यापासून लपवायला काहीच नव्हतं. शेवटच्या दिवसांत मी शाळा सुटल्यावर तिकडेच जायची. एका दुपारी त्या म्हणाल्या, “मला भीती वाटते.” नवऱ्याला म्हणाल्या, पण माझ्याकडे बघत. मास्तरांना स्तोत्रं तोंडपाठ होती. त्यांनी एक म्हणायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर मार्थाबाई म्हणाल्या, “म्हणू नका. नुसते बसा.” मास्तर थांबले. पलंगाच्या कडेला हात टेकून बसून राहिले. त्यांचा हात मार्थाबाईंच्या हातापासून चार बोटं दूर पडला होता. मार्थाबाईंनीच तो ओढून घेतला. चार दिवसांनी त्या गेल्या. वर्ध्याच्या कब्रस्तानात आमची सारी गल्ली गेली होती. सासूबाईही गेल्या होत्या, काठी टेकत. त्यांना तिथं काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्या एका बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या.

मूलबाळ नव्हतं. नगरचा पुतण्या मास्तरांना न्यायला आला. जुनी पुस्तकं त्यांनी वर्ध्याच्या चर्चच्या पाळकांना दिली, कमलचं पान खणातून काढून मला दिलं. “जाळू नका आणि ठेवूही नका,” म्हणाले. म्हणजे काय करू, असं मी विचारलं, तर ते हसले. ते पान आजही माझ्याजवळ आहे.

भुसावळ पॅसेंजर अर्धा तास उशिरा होती. पुतण्या सामान बघत होता. मास्तर बाकावर बसले होते, मी शेजारी. त्यांना आता उजेडही दिसत नव्हता. गाडीची घंटा झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं, “बाई, एक विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी चहा चांगला झाला असं मी म्हटलं, तेव्हा ती हसली का हो?”

मला आठवेना. मी त्या वेळी कमलकडे बघतच नव्हते. मास्तरांनी आत्ताच खोटं सांगितलं होतं आणि मी त्यांच्याकडे बघत होते. ती चौकटीला टेकून उभी होती, पदर पुढं ओढलेला, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. तिचा चेहरा मी पाहिलाच नव्हता आणि तिथं माझ्याशिवाय पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

“हसली होती,” मी म्हणाले.

“अस्सं,” ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही.

गाडी आली. पुतण्यानं त्यांना हाताला धरून चढवलं आणि फलाटाच्या बाजूच्या खिडकीशी बसवलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, तेवढ्यात मागून टोपल्या घेतलेल्या बायांचा लोंढा आला आणि मी मागं ढकलली गेले. शिटी झाली. डबा हलला. मास्तरांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि हलवायला लागले. पण मी होते तिथून तो हात बराच पुढं होता. तिथं एक रिकामा हमालगाडा उभा होता आणि त्याच्या दांड्यावर डोकं टेकून एक हमाल झोपलेला होता. गाडा मागं पडला, पाण्याची टाकी मागं पडली, तरी ते हात हलवतच राहिले. हाक मारावी असं मला वाटलं. पण मारली असती तर त्यांना कळलं असतं, की हात चुकीच्या बाजूला हलत होता.